दोन लाखांची शिष्यवृत्ती

देवळीत एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला पुंडलिकराव इखारांचं सरकी-ढेपेचं दुकान लागतं. म्हशीला काय घालायचं, किती घालायचं, दूध पातळ का पडतं, हे विचारायला आसपासच्या खेड्यांतली माणसं तिथे येत. २००६ साली त्या दुकानात गल्ल्यावर बाप आणि काट्यावर मुलगा, अशी वाटणी होती. मुलगा म्हणजे धर्मेंद्र. तिशीतला, अंगाने बारीक, पोती उचलून उचलून एक खांदा किंचित खाली आलेला. गिऱ्हाइकांशी गोड, घरात मोजकं बोलणारा. त्याच्याबद्दल एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. हा पोरगा बारावीला तालुक्यात दुसरा आला, इंजिनिअरिंगला गेला, आणि एका वर्षात परत आला.

का परत आला, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. मन लागलं नाही. तो स्वतःच तसं सांगत असे. १९९५च्या उन्हाळ्यात लोखंडी ट्रंक घेऊन तो घरी उतरला आणि आईला म्हणाला, "माह्यं मन नाई लागत तिथी." पुंडलिकराव ओट्यावर बसले होते. त्यांनी पोराकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं. उद्यापासून दुकानात येजो." एवढंच. त्यानंतर त्या विषयावर बाप-लेकांत एक शब्दही झाला नव्हता.

खरी गोष्ट अशी होती की धर्मेंद्रचं मन तिथे चांगलं लागलं होतं. वर्कशॉपमध्ये लोखंडाला कानस मारताना त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. पण त्याला मिळालेली जागा फुकटातली नव्हती, पेमेंट सीट होती. वर्षाची फी अठ्ठावीस हजार. त्यातले बावीस हजार कॉलेजचा ट्रस्ट गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणून भरणार, सहा हजार घरून भरायचे, असं पत्र आलं होतं. पत्राच्या मागच्या बाजूला एक ओळ होती. दरवर्षी प्रथम श्रेणी मिळाली तरच शिष्यवृत्ती पुढे चालेल. अठरा वर्षांच्या, आजवर पंच्याऐंशीच्या खाली न उतरलेल्या मुलाला ती ओळ म्हणजे नुसती शोभेची वाटली. त्याने सही केली. बापानेही केली. वर्ष संपलं तेव्हा त्याला सत्तावन्न टक्के पडले. एकही विषय राहिला नव्हता, वर्गातली निम्मी पोरं नापास होती, पण प्रथम श्रेणीला साठ लागत होते. दुसऱ्या वर्षाचे अठ्ठावीस हजार त्या काळी दुकान विकूनही जमले असते की नाही, कोण जाणे. धर्मेंद्रने निकाल खिशात घातला, ट्रंक भरली आणि बसमध्ये बसल्या बसल्या एक वाक्य तयार केलं. मन लागत नाही.

त्याची बहीण ज्योत्स्ना त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. तो परत आला तेव्हा ती दुसरीत जाणार होती. तिला गणित शिकवलं ते त्याने, दुकानाच्या मागच्या गोदामात, ढेपेच्या पोत्यांवर बसून. बारावी झाली, सीईटी झाली, आणि २००६च्या जुलैमध्ये आठ दिवसांच्या अंतराने दोन कॉलेजांची पत्रं दुकानाच्या पत्त्यावर आली.

पहिलं पत्र आलं तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. जाड, चकचकीत लिफाफा. नागपूरच्या बाहेर चार-पाच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका कॉलेजचा. पुंडलिकरावांनी चष्मा लावला आणि अडखळत वाचलं. कुमारी ज्योत्स्ना पुंडलिकराव इखार यांची दोन लाख रुपयांच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे. दोन लाख हा आकडा ठळक छापलेला होता आणि त्याला सोनेरी चौकट होती.

"दोन लाख?" शेजारचे नत्थूजी पानठेला सोडून आत आले. "पुंडलिकराव, पोट्टीनं नाव काढलं बाप्पा. बोर्ड लावा चौकात."

पुंडलिकराव हसले. धर्मेंद्रने त्यांना असं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने हात पुसून पत्र घेतलं आणि सवयीने आधी उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूला अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, माहितीपुस्तकातील नियम चौदा लागू. माहितीपुस्तक लिफाफ्यात नव्हतं.

दुसरं पत्र अमरावतीच्या एका जुन्या कॉलेजचं. एक पातळ कागद, शाई पुसट. त्यात ठळक असं काहीच नव्हतं. आपले नाव गुणवत्ता यादीत आहे, पात्र असल्यास शासनाकडून शिक्षण शुल्काच्या अर्ध्या रकमेची सवलत मिळेल, शिवाय संस्थेच्या होतकरू विद्यार्थी निधीतून वर्षाला पाच हजार रुपये देता येतील, सोमवारी दुपारी चारपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर राहावे.

नव्या कॉलेजची मुदत त्याच्या आधीची होती, शनिवार दुपारी चार.

"याच्यात विचार काय कराचा?" गुरुवारी जेवताना पुंडलिकराव म्हणाले. "एकीकडे दोन लाख, एकीकडे पाच हजार."

"बाबा, दोन लाख चार वर्षांचे हायेत," धर्मेंद्र म्हणाला. "वर्षाचे पन्नास हजार. त्याईची फी बासष्ट हजार हाये. म्हणजे आपल्याले बारा भराचे."

"अन् अमरावतीले?"

"तिथली फी चव्वेचाळीस, त्यात शिक्षण शुल्क अडतीस. त्याचे अर्धे, एकोणीस, सरकार देईन, कॉलेज पाच देईन. आपल्याले वीस."

"मंग? बारा कमी का वीस कमी?"

हिशोब बापाचा बरोबर होता. पहिल्या वर्षाचा. दुसऱ्या वर्षाचं काय, हे विचारायला तोंड उघडलं असतं तर त्यामागून सगळंच बाहेर आलं असतं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. त्याची बायको कोकिळा वाढता वाढता थांबून त्याच्याकडे पाहत राहिली. शुक्रवारी पुंडलिकरावांनी बँकेत जाऊन नव्या कॉलेजच्या नावाने बारा हजारांचा डीडी काढून आणला.

शनिवारी सकाळी बहीण-भाऊ निघाले. ज्योत्स्नाच्या मांडीवर फाईल होती. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आणि त्यात तो डीडी. वर्धेला बस बदलून ते नागपूरकडे लागले. वाटेत ज्योत्स्ना होस्टेलबद्दल, कॉम्प्युटर लॅबबद्दल बोलत होती. धर्मेंद्र हूं हूं करत होता. तिच्या हातातली फाईल एकदा कॉलेजच्या खिडकीतून आत गेली की त्या मूळ कागदांशिवाय दुसरीकडे कुठेही प्रवेश होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कॉलेज देखणं होतं. काचेचा दरवाजा, आत थंड हवा, खिडकीशी रांग. धर्मेंद्रने रांगेत लागण्याआधी माहितीपुस्तक मागितलं. ते शंभर रुपयांना विकत होतं. त्याने घेतलं आणि उभ्या उभ्या नियम चौदा काढला. अर्धं पान होतं.

शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी प्रत्येक वर्षी पहिल्या प्रयत्नात पंच्याहत्तर टक्के आवश्यक. एकदा खंड पडल्यास उरलेल्या सर्व वर्षांची पूर्ण फी. शासनाची कोणतीही सवलत घेणाऱ्यास ही शिष्यवृत्ती देय नाही. मध्येच कॉलेज सोडल्यास मिळालेली शिष्यवृत्ती परत केल्यावरच मूळ कागदपत्रे परत मिळतील.

त्याने ते दोनदा वाचलं, ज्योत्स्नानेही त्याच्या खांद्यावरून. त्याच्या वेळी साठ लागत होते. इथे पंच्याहत्तर.

रांग पुढे सरकली आणि ते खिडकीशी आले. आतल्या मॅडमनी हात पुढे केला. "ओरिजिनल्स द्या."

"मॅडम, एक विचाराचं होतं," धर्मेंद्र म्हणाला. "मागच्या वर्षी ही शिष्यवृत्ती किती पोरांले भेटली होती, अन् आता दुसऱ्या वर्षी कितीजणांची चालू हाये?"

मॅडमनी वर पाहिलं. "ती माहिती प्रवेश विभागाकडे नसते."

"कोणाकडे असते?"

"सर, मागे रांग आहे. मुलगी हुशार आहे ना? मग कशाला घाबरता? प्रवेश घ्यायचाय की नाही?"

मागून कुणीतरी म्हणालं, "चला ना भाऊ, घ्या ना पटकन." ज्योत्स्नाने फाईल उघडली. गुणपत्रिकेचा कोपरा बाहेर आला. धर्मेंद्रने तिच्या हातावर हात ठेवला आणि तो कागद परत आत ढकलला.

"पाच मिनिटं," तो मॅडमना म्हणाला, आणि तिला रांगेतून बाहेर घेऊन आला.

बाहेर पोर्चमध्ये आल्यावर ज्योत्स्ना थांबली. "तू काय करून राह्यला दादा? सगळे पाहून राह्यले आपल्याकडे."

"पंच्याहत्तर टक्के पाह्यजे दरसाली. वाच."

"वाचलं मी. पाडीन. मले बारावीले एक्याण्णव हायेत."

"मलेही पंच्याऐंशीच्या वर होते."

"तुह्यं अलग होतं. तुह्यं मन नाई लागलं. त्याची सजा मले काऊन?"

घड्याळात अडीच वाजले होते. पोर्चच्या पायऱ्यांवरून मुलं-मुली फायली घेऊन वर जात होती, काही रिकाम्या हाताने हसत खाली येत होती. धर्मेंद्र कठड्याला टेकला.

"माह्यं मन लागलं होतं," तो म्हणाला.

ज्योत्स्नाला कळलं नाही. "काय?"

"मन लागलं होतं. मी नापास नाई झालतो, पळून नाई आलतो. सत्तावन्न टक्के होते मले. त्याईले साठ पाह्यजे होते. तीन टक्क्यांनी शिष्यवृत्ती गेली, अन् अठ्ठावीस हजार भराचे होते. घरी तेवढे कुठून आणणार? म्हणून मी सांगितलं का मन नाई लागत."

"बाबाले माहीत नाई?"

"कोणालेच नाई. कोकिळालेही नाई."

ज्योत्स्ना त्याच्याकडे पाहत राहिली. ज्या माणसाने तिला पाढे शिकवले, बीजगणित शिकवलं, जो कुठलंही उदाहरण दोन रीतींनी सोडवून दाखवायचा, तो माणूस अभ्यासाला कंटाळून आला होता, हे तिने कधी तपासूनही पाहिलं नव्हतं. घरात बोललं जायचं म्हणून ते खरं होतं. तिने त्याच्या हातातून ते पुस्तक घेतलं आणि म्हणाली, "इथीच थांब."

ती कॅन्टीनकडे गेली. धर्मेंद्र फाईल छातीशी धरून उभा राहिला. तीन वाजले. पावणेतीनला बंद झालेली दुसरी खिडकी पुन्हा उघडली, तिथेही रांग लागली. त्याच्या मनात एकदा आलं की आपण पोरीचं नुकसान करतोय. ती खरंच पंच्याहत्तर पाडील. आपल्या फजितीची सावली आपण तिच्यावर टाकतोय. त्याने डीडी बाहेर काढला, पाहिला, परत ठेवला.

सव्वातीनला ज्योत्स्ना आली. तिच्याबरोबर एक उंच मुलगी होती. "ही सुरभी," ज्योत्स्ना म्हणाली. "हिंगणघाटची. सेकंड इअरले हाये. हिले मागच्या साली असंच पत्र आलं होतं."

सुरभीने आजूबाजूला पाहिलं. "आमच्या वर्गात अठराजणांना होती," ती हळू म्हणाली. "आता दोघांना आहे. मला एकाहत्तर पडले. माझे बाबा आता पूर्ण भरतात." मग तिला वाटलं असावं की आपण फार बोललो. "पण कॉलेज वाईट नाहीये हं. शिकवतात चांगलं. लॅब मस्त आहे. घरून पूर्ण भरता येत असतील ना, तर घे खुशाल. शिष्यवृत्तीवर विसंबून नको येऊ."

ती गेली. खिडकी बंद व्हायला पस्तीस मिनिटं होती. धर्मेंद्रकडे सांगण्यासारखं जे होतं ते सांगून झालं होतं. ज्योत्स्ना पायरीवर बसली. तिने नियम चौदा पुन्हा वाचला, बोट फिरवत, ओळीओळीने.

"सरकारची सवलतही सोडाची," ती म्हणाली. "म्हणजे समजा एका साली पंच्याहत्तर नाई पडले, तर हे पन्नासही गेले अन् सरकारचेही आधी सोडून देल्ले. बासष्टच्या बासष्ट हजार. अन् कॉलेज सोडतो म्हटलं तर आधीचे परत करा."

"हो."

"अन् अमरावतीच्या पत्रात टक्के नाई लिहिले कुठं?"

"नाई. पास झालं पाह्यजे फक्त. अन् उत्पन्नाचा दाखला दरसाली."

तिने पुस्तक मिटलं. तीन चाळीसला उठली. "मले पंच्याहत्तर पडतीन का नाई, मले नाई माहीत," ती म्हणाली. "चाल."

बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून रडली. धर्मेंद्रने तिला समजावलं नाही. सोमवारी अमरावतीला काही बिनसलं, तर हातात काहीच राहणार नव्हतं.

दिवेलागणीला ते देवळीत उतरले. पुंडलिकराव दुकानातच होते. त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले, फाईल तशीच पाहिली, आणि कपाळावर आठी चढली.

"काय झालं?"

"नाई घेतली अडमिशन," ज्योत्स्ना म्हणाली. "मीच नाई म्हटलं बाबा."

"तू घरी जा," धर्मेंद्र तिला म्हणाला.

"नाई. मी इथीच थांबतो."

वर्ध्याकडच्या मुली स्वतःबद्दलही 'थांबतो' म्हणतात तशी ती बोलली, आणि डाळीच्या चुनीच्या पोत्यावर बसली. धर्मेंद्रने शटर अर्धं खाली ओढलं. मग उभ्यानेच त्याने बापाला सगळं सांगितलं. आधी नियम चौदा, मग अठरातले दोघे, मग सत्तावन्न टक्के. शेवटचं वाक्य बोलताना त्याची नजर काट्याच्या पारड्यावर होती.

पुंडलिकरावांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

धर्मेंद्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"त्या कागदावर माहीबी सही होती. मागची ओळ मी वाचली होती. तुह्या निकालाचं पत्र कॉलेजनं घरी धाडलं होतं, तू घरी येण्याच्या चार दिवस आधी. तू आला अन् म्हटलं का मन नाई लागत. मी समजलो तू खोटं बोलून राह्यला." ते थांबले. "मी ते चालू देलं. खरं बोलला असता, तर मले तीस हजार उभे करा लागले असते. कसे केले असते, नाई माहीत. पण करा तर लागले असते. तू खोटं बोलला, अन् मी सुटलो."

ज्योत्स्ना बापाकडे बघेना आणि भावाकडेही बघेना. धर्मेंद्रच्या मनात पहिल्यांदा राग आला. अकरा वर्षं ज्याच्यापासून गोष्ट लपवली, त्याला ती ठाऊक होती. रोज सकाळी शेजारी बसून चहा पिताना ठाऊक होती. तो शटर वर करून बाहेर निघून गेला आणि बस स्टँडवर जाऊन बाकावर बसला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा पुंडलिकराव गल्ला उघडून बसले होते. ढेपेचा नवा माल उचलायला ठेवलेल्या पैशांतून त्यांनी वीस हजार वेगळे काढले होते.

"सोमवारी बँक उघडाले साडेदहा होतीन," ते म्हणाले. "डीडी मोडाले वेळ नाई भेटणार. हे घेऊन जा." मग मान खाली घालूनच म्हणाले, "या टायमाले पूर्ण वाचून सही करजो. अन् मले वाचून दाखवजो."

धर्मेंद्रने पैसे घेतले. बापाला माफ केलं की नाही, हे त्यालाच ठरवता आलं नाही.

सोमवारी अमरावतीतही सगळं सुरळीत झालं नाही. ज्योत्स्नाचं नाव यादीत होतं, पण सवलतीसाठी लागणारा तहसीलचा उत्पन्नाचा दाखला अजून निघाला नव्हता, नुसती पावती होती. लेखा विभागातल्या माणसाने ती पावती उलटसुलट केली. वासुदेवराव नावाचे वयस्कर गृहस्थ होते, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले.

"याच्यावर सवलत लागत नाही," ते म्हणाले. "पूर्ण चव्वेचाळीस भरा, दाखला आला की वळते करू."

धर्मेंद्रच्या खिशात वीस हजार आणि परतीचं भाडं होतं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. "दाखला पंधरा दिवसांत भेटते साहेब. तोवर आमचे वीस घ्या. नाई आणला तर अडमिशन रद्द करा. लिहून देतो."

वासुदेवराव त्याच्याकडे आणि मग ज्योत्स्नाकडे पाहत राहिले. "बसा," ते म्हणाले आणि आत प्राचार्यांकडे गेले. पाऊण तास आले नाहीत. ज्योत्स्नाने आपल्या ओढणीचं टोक इतकं पिळलं की त्याला कायमच्या सुरकुत्या पडल्या असाव्यात. तीन वाजता ते हातात कोरा कागद घेऊन आले. "हमीपत्र लिहा. महिन्याची मुदत देतो. आणि एक समजून घ्या, सरकारचा पैसा वेळेवर येत नाही. कधी वर्षाने येतो, कधी दीड वर्षाने. त्या वेळी कॉलेज तुमच्याकडे मागेल. ते मी आजच सांगून ठेवतो, मागाहून तुम्ही म्हणाल सांगितलं नाही."

धर्मेंद्रने हमीपत्र लिहिलं. बहिणीला वाचून दाखवलं. सही केली. दाखला अठराव्या दिवशी मिळाला आणि तो स्वतः अमरावतीला नेऊन देऊन आला.

वासुदेवराव बोलले ते दोन वर्षांनी खरं झालं. २००८च्या मार्चमध्ये ज्योत्स्नाचा फोन आला. सरकारकडून दोन वर्षांचे अडतीस हजार आलेले नव्हते आणि कॉलेजात नुकत्याच बदललेल्या व्यवस्थापनाने पैसा थकलेल्या मुलांचे परीक्षेचे फॉर्म अडवले होते. फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. तेव्हा घरात जेमतेम पंधरा हजार होते. धर्मेंद्र अमरावतीला निघाला, तर पुंडलिकराव पायात चपला घालून दारात उभे.

"मी येतो," ते म्हणाले. "दुकान कोकिळा पाहीन."

वासुदेवरावांनी हात वर केले. त्यांच्या हातात काही नव्हतं. पुंडलिकराव त्यांच्या टेबलासमोर बसून राहिले, उठेनात. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "साहेब, आमच्यासारखे किती हायेत?"

"एकतीस."

"त्याईची नावं भेटतीन?"

वासुदेवरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि यादी टेबलावर उघडी ठेवून पाणी प्यायला बाहेर गेले. धर्मेंद्रने नावं उतरवली. ज्योत्स्ना आणि तिच्या मैत्रिणींनी होस्टेलवरून फोन लावले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्राचार्यांच्या दाराशी बावीस आई-बाप उभे होते, कुणी धामणगावचे, कुणी पुलगावचे, कुणी थेट मेळघाटातले. कुणी आवाज केला नाही. पुंडलिकराव पुढे होते. आयुष्यात पहिल्यांदा ते कॉलेजच्या साहेबासमोर उभे होते, आणि धर्मेंद्र त्यांच्या मागे.

"सर, पैसा सरकार देणार हाये, हे तुमच्याच पत्रात हाये," ते म्हणाले. "सरकार नाई देऊन राह्यलं, त्याची सजा पोरांले काऊन? पेपर देऊ द्या. निकाल थांबवाचा तर थांबवा."

प्राचार्यांनी दोन तास लावले. एकदा ट्रस्टच्या अध्यक्षांना फोन झाला, एकदा विद्यापीठात. शेवटी तेच ठरलं. फॉर्म घेतले गेले, निकाल अडवून ठेवायचे ठरले. सरकारचा पैसा डिसेंबरात आला, तोवर ज्योत्स्नाला आपले गुण अधिकृतपणे कळले नव्हते. कळले तेव्हा ते त्रेसष्ट टक्के होते. पुढच्या वर्षी सहासष्ट, शेवटच्या वर्षी अडुसष्ट. पंच्याहत्तर तिला एकदाही पडले नाहीत. २०१०ला ती पास झाली आणि वर्षभर हातपाय मारल्यावर पुण्याला एका कंपनीत लागली.

एकदा फोनवर ती भावाला म्हणाली, "दादा, तिथी गेली असती, तर डोक्यावर तलवार असती. कदाचित मी जास्त अभ्यास केला असता. पंच्याहत्तर पडलेही असते."

"पडले असते कदाचित," धर्मेंद्र म्हणाला. त्याने वाद घातला नाही. त्यालाही तसं कधी कधी वाटत असे.

ज्योत्स्ना शिकत होती त्या वर्षांत जुलै महिना आला की ढेपेच्या दुकानात म्हशी नसलेली माणसंही यायला लागली. हातात लिफाफे घेऊन. धर्मेंद्र काटा सोडून बसायचा, पत्र उलटसुलट करायचा, न दिलेलं माहितीपुस्तक मागवून घ्यायला लावायचा, आणि पहिल्या वर्षी किती भरायचं याच्या शेजारी, अट मोडली तर किती भरायचं, तो आकडा लिहून द्यायचा. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं. २००९ साली पुलगावचे हरिदास ढोक त्याच नव्या कॉलेजचं पत्र घेऊन आले. त्यांचं हार्डवेअरचं मोठं दुकान होतं, मुलगा एकुलता.

"बासष्ट हजार दरसाली भरता येतीन का तुमाले, गरज पडली तर?" धर्मेंद्रने विचारलं.

हरिदासांनी विचार केला. "ओढून ताणून येतीन."

"मंग घ्या. कॉलेज चांगलं हाये म्हणतात. दोन लाख डोक्यातून काढून टाका, भेटले ते भेटले."

त्या मुलाची शिष्यवृत्ती दोन वर्षं चालली आणि तिसऱ्या वर्षी गेली. हरिदासांनी त्या वर्षी पूर्ण फी भरली, आणि दिवाळीआधी म्हशीसाठी दोन पोती सरकी घ्यायला देवळीला आले, तेव्हा जाता जाता एवढंच सांगितलं की शिष्यवृत्ती गेली म्हणून पोराला घरी कुणी काही बोललं नाही.